दरीवरचा पूल: कर्करोगाचे संशोधन आणि भांडवल

औषध प्रयोगशाळेत सापडणे आणि ते रुग्णाच्या खाटेपर्यंत पोहोचणे, यांत मोठे अंतर असते. जीवतंत्रज्ञानाच्या व्यवहारात त्याला ‘मृत्यूची दरी’ म्हणतात. संशोधनाचे अनुदान साधारणतः प्राण्यांवरील प्रयोगांपर्यंत पुरते. औषध कंपन्या माणसांवरील चाचण्यांचे निष्कर्ष पाहिल्याशिवाय पैसा घालत नाहीत, आणि पैशाशिवाय त्या चाचण्या होत नाहीत. कर्करोगात ही दरी अधिकच रुंद आहे, कारण चाचण्यांना वर्षे लागतात आणि बहुतेक औषधे वाटेतच गळतात.

नवख्या कंपनीची भांडवलदाराशी गाठ घालून देणे हे म्हणूनच एक स्वतंत्र काम झाले आहे. अमेरिकेच्या राष्ट्रीय कर्करोग संस्थेने छोट्या कंपन्यांना केवळ अनुदान दिले नाही, तर त्यांतल्या निवडक कंपन्यांना गुंतवणूकदारांसमोर उभेही केले. पैसेवाल्याला पेशींचे शास्त्र पारखता येतेच असे नाही. जाणकारांनी आधी पारख केली, की त्याचा हात खिशाकडे जातो. माझ्या मते अशा मध्यस्थीत ओळखीपेक्षा ही पारखच मोलाची असते.

आपल्याकडचे उदाहरण मुंबईचे आहे. रुग्णाच्याच रक्तातील टी-पेशी काढायच्या, कर्कपेशी ओळखता येतील असा जनुकीय बदल त्यांत करायचा, त्यांची संख्या वाढवायची आणि त्या परत शरीरात सोडायच्या, असा ‘कार-टी’ उपचार आहे. पवईच्या आयआयटीत राहुल पुरवार यांच्या गटाने तो विकसित केला आणि तिथूनच 2018 मध्ये इम्युनोॲक्ट ही कंपनी निघाली. केंद्र सरकारच्या जैवतंत्रज्ञान विभागाने आणि ‘बायरॅक’ने चाचण्यांसाठी सुमारे 19 कोटी रुपये मंजूर केले. टाटा स्मारक केंद्राने डॉक्टर आणि खाटा दिल्या. जून 2021 मध्ये खारघरच्या ‘ॲक्ट्रेक’मध्ये पहिल्या रुग्णाला उपचार मिळाला. हैदराबादच्या लॉरस लॅब्जने भांडवल घातले ते त्याच वर्षाच्या अखेरीस. ऑक्टोबर 2023 मध्ये ‘नेक्सकार19’ला मान्यता मिळाली.

हा क्रम लक्षात घेण्याजोगा आहे. आधी सरकारी पैसा, मग रुग्णालय आणि शेवटी उद्योग. पहिला, सर्वांत मोठा धोका लोकांच्या पैशाने पत्करला. खासगी भांडवल आले तेव्हा निदान पहिले पाऊल तरी पडलेले होते.

आता किमतीकडे पाहू. अमेरिकेत 2017 साली मान्यता मिळालेल्या पहिल्या कार-टी उपचाराची किंमत 4,75,000 डॉलर होती. आपल्याकडे, जनुक वाहून नेणारे विषाणूही इथेच बनवल्यामुळे, खर्च सुमारे 30 ते 40 लाखांवर आला. ही उतरण मोठी खरीच. पण बार्शीच्या किंवा परभणीच्या शेतकऱ्याने जमीन विकली तरी ही रक्कम उभी राहीलच असे नाही.

म्हणूनच मला या गाठीभेटींतला खरा प्रश्न कराराचा वाटतो. भांडवल येते ते परताव्याची अपेक्षा घेऊनच, आणि त्यात गैर काही नाही. मात्र दरीवरच्या पुलाचा पहिला खांब जनतेच्या पैशाने रोवलेला असेल, तर किती रुग्णांना आणि कोणत्या दराने उपचार मिळेल, याचे कलम अनुदानाच्या कागदावरच हवे. नफ्याची गणिते मांडून झाल्यावर ते घालायला कोणी तयार होत नाही.