शेपटीत चरबी असते, कॅल्शियम नव्हे
लेपर्ड गेकोच्या मादीची वीण आणि आहार : काही गैरसमज

मादी विणीला तयार आहे का, असं विचारलं की लेपर्ड गेको पाळणाऱ्या बहुतेकांची नजर आधी शेपटीकडे जाते. शेपूट मानेइतकी जाड दिसली, की मादी खात्यापित्या घरची, आता नर सोडायला हरकत नाही, असा हिशेब होतो. तो अर्धाच बरोबर आहे. शेपटीत साठते ती चरबी, उपासाच्या दिवसांची सोय. अंड्यांपायी मादीच्या अंगातून ओढलं जातं ते कॅल्शियम मात्र तिच्या हाडांत असतं आणि हाडं रिकामी होताना वरून काहीच दिसत नाही. माद्या दगावतात त्या या न दिसणाऱ्या झिजेमुळे. म्हणूनच या विषयातले गैरसमज एकेक करून निस्तरायला हवेत.

ही पाल मूळची पाकिस्तान, अफगाणिस्तान आणि आसपासच्या कोरड्या, खडकाळ मुलखातली. एडवर्ड ब्लाइथ यांनी १८५४ मध्ये तिचं शास्त्रीय वर्णन केलं. आज अमेरिकेत आणि युरोपात ती पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या घरातच जन्मते आणि तिकडच्या मराठी घरांतही मुलांच्या हट्टापायी येते. तिची एक सख्खी नातेवाईक आपल्या सातपुड्याच्या रांगांत राहते. ती वेगळी प्रजाती असल्याचं २०१४ मध्ये जाहीर झालं. तिला जंगलातून उचलून घरी आणण्याचा विचारही कुणी करू नये. इथे लिहिलेलं सगळं कैदेत जन्मलेल्या पालींबद्दल आहे.

गैरसमज : अंडी दोनच, तीही मऊ कवचाची. त्यात कॅल्शियम जाऊन जाऊन कितीसं जाणार?

आपल्या भिंतीवरच्या पालीची अंडी टणक, खडूसारखी पांढरी असतात. लेपर्ड गेकोची अंडी चामड्यासारखी लवचीक असतात, म्हणून हा समज पसरतो. पण मऊ कवचाच्या अंड्यात पिल्लाच्या हाडांना लागणारं बरंचसं कॅल्शियम बलकातून येतं आणि बलक मादीच्या शरीरातच तयार होतो. शिवाय प्रश्न एका खेपेपुरता नसतो. एक अंडं साधारण ३ ग्रॅमचं. दर दोन ते चार आठवड्यांनी दोन अंडी, अशा हंगामात चार-पाच खेपा, काही माद्यांच्या बाबतीत त्याहूनही जास्त. ६० ग्रॅमच्या मादीने दहा अंडी घातली, तर तिच्या वजनाच्या निम्म्याइतका ऐवज चार-पाच महिन्यांत बाहेर गेला.

आहारातून भरपाई झाली नाही, तर रक्तातली पातळी टिकवण्यासाठी शरीर हाडांतलं कॅल्शियम काढू लागतं. जबडा मऊ पडतो, पाय वाकतात, बोटं थरथरतात. आणखी एक गोष्ट फारशी कुणी सांगत नाही : स्नायू आकुंचन पावायलाही कॅल्शियम लागतं. ते कमी पडलं, की अंडी ढकलण्याची ताकदच उरत नाही आणि अंडी पोटात अडकतात.

गैरसमज : भरपूर रातकिडे खाते, म्हणजे सगळं मिळतं.

पोट भरतं, गरज भागत नाही. पालीला फॉस्फरसच्या दीड ते दोन पट कॅल्शियम लागतं. रातकिड्यात प्रमाण नेमकं उलटं, फॉस्फरस कॅल्शियमच्या कित्येक पट. मीलवर्मची गतही तीच. जादा फॉस्फरस आतड्यात कॅल्शियमला बांधून ठेवतो, त्यामुळे जे थोडंफार मिळतं तेही धड अंगी लागत नाही. म्हणजे नुसत्या किड्यांवर मादी जितकी जास्त जेवेल, तितका हा तोल बिघडलेलाच राहणार. ब्लॅक सोल्जर फ्लायच्या अळ्या हा एक चांगला अपवाद आहे. त्यांच्यात कॅल्शियम मुळातच जास्त असतं. पण सगळ्या माद्या त्या आवडीने खात नाहीत.

किड्यांना आधी दिवसभर गाजर, रताळं, मोहरीची पानं असं चांगलंचुंगलं खाऊ घालावं, हे खरं. त्यातून जीवनसत्त्वं मिळतात. पालक मात्र नको, त्यातलं ऑक्झॅलेट कॅल्शियम अडवून ठेवतं. पण एवढ्याने उलटं प्रमाण सुलटं होत नाही. त्यासाठी फॉस्फरस नसलेली कॅल्शियम कार्बोनेटची बारीक पूड लागतेच.

ती लावण्याची पद्धतही नीट हवी. एका पिशवीत चिमूटभर पूड, त्यात त्या वेळेपुरतेच किडे, हलकेच दोनदा हलवायचं, किडे पांढुरके दिसले की लगेच मादीपुढे. रातकिडा स्वतःचे पाय आणि मिशा सतत साफ करतो. मादीने तासाभराने तोंड लावलं, तर तोवर बरीचशी पूड पेटीच्या तळाशी गेलेली असते. म्हणून दहा-पंधरा मिनिटांत न खाल्लेले किडे काढून घ्यावेत. भुकेले रातकिडे झोपलेल्या पालीला चावतात, हेही कारण आहेच. अंड्यांच्या हंगामात प्रत्येक जेवणाला ही साधी पूड हवी. शिवाय पेटीत एका झाकणात तीच पूड ठेवून द्यावी. अंडी धरलेली मादी तिथे जाऊन ती चाटताना दिसते. या पुडीत डी-३ जीवनसत्त्व मिसळलेलं नसावं. त्याचं कारण पुढच्याच गैरसमजात आहे.

गैरसमज : डी-३ जितकं जास्त, तितकं कॅल्शियम अंगी लागतं.

डी-३शिवाय कॅल्शियम आतड्यातून रक्तात नीट जात नाही, इथपर्यंत ठीक. पण ते चरबीत विरघळणारं जीवनसत्त्व आहे. जादा झालेलं लघवीवाटे निघून जात नाही, साठत राहतं. अति झालं की कॅल्शियम मूत्रपिंडात आणि रक्तवाहिन्यांच्या भिंतींत जमू लागतं. चाटायच्या झाकणात डी-३ असेल, तर मादी किती घेते यावर आपला ताबा उरत नाही. ते आठवड्यातून एक-दोनदा, मोजून, किड्यांवरूनच द्यावं.

याला जोडूनच असं म्हटलं जातं, की ही निशाचर पाल, हिला अतिनील किरणांशी काय देणंघेणं? ती संधिप्रकाशात बाहेर पडते आणि थोड्या किरणांचाही उपयोग करून घेते. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात रोज फक्त दोन तास यूव्हीबी दिलेल्या लेपर्ड गेकोंच्या रक्तात डी जीवनसत्त्वाची पातळी वाढलेली आढळली. म्हणून कमी ताकदीची यूव्हीबी नळी लावणं मला योग्य वाटतं. अट एवढीच, की मादीला हवं तेव्हा सावलीत जाता यावं. अल्बिनो माद्यांचे डोळे नाजूक असतात, त्यांच्या बाबतीत जास्त जपावं. दिवा असेल तर पुडीतलं डी-३ कमी करावं.

काही समज थोडक्यात उरकता येतील. नवजात उंदराची गुलाबी पिल्लं खाऊ घातली की हाडं मिळतात, असं जुने लोक सांगतात. त्या पिल्लांची हाडं पुरती घट्ट झालेलीच नसतात. वॅक्सवर्म म्हणजे निव्वळ चरबी, अशक्त मादीला क्वचित द्यायच्या. लठ्ठ मादीला अंडी घालणं उलट जड जातं. काखेतले फुगे म्हणजे कॅल्शियमच्या पिशव्या, हा समज तर फारच पसरलेला आहे. बहुतेकदा ते फुगे जास्त खाऊ घातलेल्या पालींत दिसतात. त्यावरून हाडांची स्थिती ठरवू नये. आणि ‘कॅल्शियम सँड’ नावाने विकली जाणारी वाळू पेटीत घालूच नये. मादी ती चाटते आणि आतड्यात तिचा गोळा होतो.

गैरसमज : नर बाजूला काढला, की अंडी थांबतात.

मादी नराचे शुक्राणू शरीरात साठवून ठेवते. एका मिलनानंतर त्या हंगामात अनेक फलित खेपा होऊ शकतात. नर कधी पाहिलाच नाही अशी मादीही वंध्य अंडी घालू शकते आणि त्यांचाही भार शरीरावर पडतोच. म्हणून एकटी मादी असली तरी कॅल्शियमकडे काणाडोळा चालत नाही. नर मात्र वेगळाच ठेवावा. तो सतत मागे लागतो, मादी दडून बसते आणि ऐन गरजेच्या दिवसांत तिचं खाणं तुटतं.

अंडी घालायच्या आधी काही दिवस मादी खाणं कमी करते, त्याने घाबरू नये. पोटाच्या पातळ कातडीतून दोन लांबट, पांढुरकी अंडी शेजारीशेजारी दिसतात. याच वेळी तिला ओलसर जागा लागते. झाकणाला भोक पाडलेल्या डब्यात दमट नारळाचा भुसा किंवा व्हर्मिक्युलाइट भरून ठेवावं. वाळवंटी प्राणी आहे, ओलावा कशाला, असं म्हणून हा डबा टाळणाऱ्यांच्या माद्या अंडी धरून ठेवतात. ती दिवसेंदिवस उकरत राहिली, अंडी दिसताहेत पण पडत नाहीत, मादी मलूल झाली, तर घरगुती उपाय नकोत. पोट दाबायचं तर अजिबात नाही. सरपटणाऱ्या प्राण्यांची माहिती असलेल्या पशुवैद्याकडे त्याच दिवशी न्यावं, एक्स-रे काढावा.

राहिला प्रश्न वयाचा. वर्षभरात मादी अंडी घालू शकते, म्हणून घालू द्यावीत असं नाही. स्वतःची हाडं अजून भरत असताना ती दुसऱ्यांची हाडं कशातून घडवणार? वजन किमान ४५-५० ग्रॅम हवं आणि मी तर दीड वर्ष होईपर्यंत थांबा म्हणेन. विणीआधी विष्ठा तपासून घ्यावी, कारण आतड्यात परजीवी असतील तर खाल्लेलं अंगी लागत नाही. स्वयंपाकघरातल्या डिजिटल काट्यावर आठवड्यातून एकदा वजन घ्या आणि वहीत लिहा. अंडी पडल्यावर वजन घटणारच, ते पुढच्या खेपेआधी कितपत भरून येतं ते पाहा. नीट सांभाळलेली लेपर्ड गेको १५ ते २० वर्षं जगते, एखादा हंगाम सुटला तर काहीच बिघडत नाही. मागच्या हंगामात गेलेलं वजन परत आलं नसेल, तर या वर्षी तिला नर दाखवू नका.