एक षष्ठांश आणि एक शतांश

तेमारीवर, म्हणजे दोऱ्याच्या नक्षीदार जपानी चेंडूवर, लिहिणारे बहुतेक जण राजवाड्यापासून सुरुवात करतात. तोकुगावा हिदेतादाची लेक तामाहिमे १६०१ साली अगदी कोवळ्या वयात कानाझावाच्या माएदा घराण्यात आली आणि सोबत दोऱ्याचा चेंडू घेऊन आली, ही आख्यायिका तिथे आजही सांगतात. गोष्ट गोड आहे. पण तिकडे जुन्या सानुकीत, म्हणजे आजच्या कागावात, हाच चेंडू भाताच्या तुसाच्या गोळ्यावर, झाडपाल्याच्या रंगातल्या साध्या सुती दोऱ्याने विणला जातो. मेइजी काळात रबरी चेंडू आले, दोऱ्याच्या चेंडूचा खेळ मागे पडला, हेही वाचकांना ठाऊक असेल. मला महत्त्वाची वाटते ती कागदाची पट्टी. तेमारीतली भूमिती नक्षीत शोधावी लागत नाही. पहिला टाका पडण्याआधीच ती पुरी झालेली असते.

टाक्यांआधी चेंडूवर केल्या जाणाऱ्या आखणीला ‘जिवारी’ म्हणतात. पट्टी चेंडूभोवती गुंडाळून घेर मापायचा, घडी घालून अर्धा, पाव भाग करायचे आणि तिथे टाचण्या टोचायच्या. चार-आठ भागांची विभागणी घड्यांवर निभते. खरी कसोटी चेंडूवर समान अंतराचे १२ बिंदू बसवताना लागते, कारण ते अंतर कुठल्याच घडीतून निघत नाही. दोन ध्रुवांमध्ये १० उभ्या रेषा ओढायच्या. एका ध्रुवापासून एकाआड एक रेषेवर पाच टाचण्या, दुसऱ्यापासून उरलेल्या पाच रेषांवर पाच. किती अंतरावर? शिकवणाऱ्यांचा नियम असा: घेराचा सहावा भाग, अधिक घेराचा शंभरावा भाग. घेर ३० सेंटिमीटर असेल तर ५.३. गणिताने येणारं अंतर सुमारे ५.२९. फरक मिलिमीटरच्या सातव्या हिश्श्याएवढा, म्हणजे दोऱ्याच्या जाडीतच जिरणारा. तो शतांश गाळला, तर चेंडूच्या कमरेवरच्या त्रिकोणांच्या तिरप्या बाजू ध्रुवाकडच्या बाजूंपेक्षा पाऊण सेंटिमीटरने लांब होतात आणि नक्षी उघड फसते.

यावर कोणी म्हणेल, हा तर नुसता आडाखा. पाठ केला की झालं, त्यात भूमिती कसली? आक्षेप निम्माच खरा आहे. तुसाचा गोळा कधीच पुरता गोल नसतो, त्यामुळे नियम तंतोतंत पाळूनही टाचण्या चुकीच्या जागी पडतात. मग प्रत्येक टाचणीपासून तिच्या पाचही शेजारणींचं अंतर पट्टीने ताडून पाहायचं आणि टाचण्या केसभर सरकवत राहायचं, वीसही त्रिकोण समभुज होईपर्यंत. ही सरकवासरकव आडाख्यातून येत नाही. काय साधायचं आहे हे ठाऊक असलेल्यालाच ती जमते, आणि जे साधायचं ते म्हणजे वीस फलकांच्या घनाकृतीची व्याख्याच. कॅरोलिन यॅकलसारख्या गणितज्ञांनी तेमारीच्या सममितींचा अभ्यास केला, त्यांना परिभाषेत बसवलं; चांगलंच केलं. पण परिभाषा येईपर्यंत इथे ज्ञान नव्हतं असं धरणं म्हणजे ज्ञान फक्त कागदावर लिहिलेलंच असतं असं मानणं. इथे कागद होता, त्यावर अक्षर तेवढं नव्हतं. त्या १२ बिंदूंमधून १५ वर्तुळं फिरवली की चेंडूवर १२० काटकोन त्रिकोण पडतात. मग टाचण्या काढून घेतात, पट्टी बाजूला पडते आणि रंगीत दोरा सुईत ओवला जातो.