फी कुणाच्या नावावर?

माझी भाची जर्मनीत आखेनला मास्टर्स करते. गेल्या सेमिस्टरची पावती तिने मला व्हॉट्सॲपवर पाठवली. रक्कम तीनशे युरोंच्या आसपास, आणि त्यातही मोठा वाटा बस-रेल्वेच्या पासाचा. शिकवण्याच्या फीचा रकानाच त्यात नव्हता. तिच्या वर्गातली मैत्रीण इंग्लंडला गेली; तिच्या वडिलांनी फ्लॅट तारण ठेवून कर्ज काढलं. परदेशी मुलांकडून इंग्लंड जास्त पैसे घेतं हे खरंच, पण तिथल्या घरच्या मुलांनाही शिक्षण फुकट नाही.

जर्मनीत विद्यापीठांचा खर्च मुख्यतः १६ राज्यं करतात. तिथेही फीचा प्रयोग होऊन गेला. जानेवारी २००५मध्ये घटनात्मक न्यायालयाने फीवरची केंद्राची बंदी उठवली आणि काही राज्यांनी सेमिस्टरला साधारण ५०० युरो घ्यायला सुरुवात केली. लोकांना ते पटलं नाही. जानेवारी २०१३मध्ये बव्हेरियात फीविरुद्ध जनयाचिका निघाली. १४ दिवसांत दहा टक्के मतदारांच्या सह्या हव्या होत्या, त्याही स्वतः नगरपालिकेच्या कचेरीत जाऊन. ऐन थंडीत साडेतेरा लाखांच्या आसपास लोकांनी सह्या केल्या आणि फी गेली. २०१४मध्ये शेवटी लोअर सॅक्सनीनेही ती सोडली.

इंग्लंडची वाट नेमकी उलटी. १९९८पर्यंत तिथल्या मुलांना पदवीची फी नव्हती. त्या वर्षी वर्षाला १,००० पौंड आले, २००६मध्ये ३,००० पर्यंत, २०१२मध्ये ९,००० पर्यंत. २०२५-२६ची कमाल मर्यादा ९,५३५ पौंड आहे. (स्कॉटलंड वेगळं: तिथली मुलं तिथेच शिकली तर फी सरकार भरतं.)

ओईसीडी या विकसित देशांच्या संघटनेच्या तक्त्यांत जर्मनीच्या उच्चशिक्षणावरच्या खर्चातला सुमारे चार-पंचमांश वाटा सरकारी दिसतो, ब्रिटनचा पाव हिस्स्याच्या आसपास. हे आकडे वाचून ब्रिटिश सरकारने हात झटकले असं वाटतं. तसं नाही. फी आधी सरकारच विद्यापीठाला देतं, पण मुलाच्या नावावर कर्ज म्हणून. नोकरी लागल्यावर ठरावीक उत्पन्नाच्या वरच्या रकमेतून ९ टक्के कापले जातात आणि मुदत संपली की उरलेलं माफ.

एक हिशेब मांडून पाहू. ऑगस्ट २०२३पासून प्रवेश घेतलेल्यांसाठी ही मर्यादा २५,००० पौंड आहे. पगार ३०,००० असेल तर वरच्या ५,००० वर ९ टक्के, म्हणजे वर्षाला ४५०. तीन वर्षांची फीच २८,६०५. महागाईच्या दराने ३ टक्के व्याज धरलं तरी वर्षाला ८५८ पौंड वाढतात. पगारातून पैसे जात राहतात आणि कर्ज वाढत राहतं! ही माफी पुढे सरकारच्याच अंगावर पडणार, पण अनेक वर्षं ती चालू तुटीत धरलीच जात नव्हती. डिसेंबर २०१८मध्ये ब्रिटनच्या राष्ट्रीय सांख्यिकी कार्यालयाने ठरवलं, की न फिटणारा भाग कर्ज देतानाच खर्च म्हणून दाखवायचा. म्हणून नुसत्या टक्क्यांवरून या दोन देशांची तुलना करू नये असं मला कळकळीने सांगावंसं वाटतं.

इंग्लंडच्या बाजूचा मुद्दाही वजनदार आहे. बेकरीत राबणाऱ्याच्या करातून डॉक्टरच्या मुलाची फी का भरायची? जर्मनीत बहुतेक राज्यांत चौथीनंतर मुलांची शाळा वेगळी होते, बरीच मुलं विद्यापीठाऐवजी कारखान्यात उमेदवारी करत शिकतात, त्यामुळे हा प्रश्न तिथेही टोचतो. शिवाय तिथले वर्ग भरगच्च असतात आणि भाड्याची खोली मिळता मिळत नाही. आणि फी वाढूनही इंग्लंडमध्ये अठरा वर्षांच्या मुलांचे प्रवेश कोसळले नाहीत. कोसळले ते नोकरी सांभाळून अर्धवेळ शिकणाऱ्यांचे. पोटापाण्याला लागलेला माणूस नवं कर्ज डोक्यावर घेताना दहादा विचार करतो, हे आपल्याकडच्या कुणालाही सांगावं लागणार नाही.

मला जर्मनीची रीत बरी वाटते. खर्च आजचा, आजच्या अंदाजपत्रकात, सगळ्यांच्या डोळ्यांसमोर. मात्र फुकट शिक्षणाचं हे दारही परदेशी मुलांसाठी हळूहळू मिटत चाललंय. श्टुटगार्टच्या राज्यात २०१७पासून युरोपीय संघाबाहेरच्या मुलांना सेमिस्टरला १,५०० युरो पडतात; म्युनिकच्या तांत्रिक विद्यापीठानेही २०२४पासून फी सुरू केली. तिकडे इंग्लंडमध्ये नव्या कर्जाची मुदत ४० वर्षांची आहे. अठराव्या वर्षी सही करणारी मुलगी त्यातून सुटेल तेव्हा साठी ओलांडलेली असेल.