माका, मेंदी आणि नीळ : पिकत्या केसांची घरची निगा

केसाचा रंग त्याच्या मुळाशी ठरतो. टाळूच्या त्वचेत रुतलेल्या केसाच्या कंदात मेलॅनिन हे रंगद्रव्य बनवणाऱ्या पेशी असतात आणि वाढत्या केसात त्या ते भरत राहतात. या पेशींचा पुरवठा करणाऱ्या मूळ पेशी वयोमानाने संपत आल्या, की नवा केस बिनरंगी उगवतो. केस कधी पिकू लागतील हे बरेचसे आनुवंशिकतेवर ठरते. भारतीयांमध्ये पंचविशीच्या आत केस पिकू लागले, तर ते अकाली मानतात. सुश्रुतसंहितेत क्रोध, शोक आणि अतिश्रम यांनी वाढलेली उष्णता हे पालित्याचे, म्हणजे केस पिकण्याचे, कारण सांगितले आहे. २०२० साली हार्वर्डमधील संशोधकांनी उंदरांवर केलेल्या प्रयोगांत तीव्र ताणामुळे रंगपेशींच्या मूळ पेशी संपून जातात, असे दिसून आले.

त्वचेबाहेर आलेला केस निर्जीव असतो. त्याला तेल किंवा लेप लावून आतले मेलॅनिन परत येत नाही. माक्याने पांढरा केस मुळातून काळा होतो, हेही माणसांवरच्या भक्कम चाचण्यांनी सिद्ध झालेले नाही. घरच्या उपायांची खरी कामे दोन : आहे तो केस मऊ आणि चिवट राखणे, आणि पांढऱ्या केसावर वनस्पतीचा रंग चढवणे. तेल आणि धुणे पहिल्या कामाचे, मेंदी आणि नीळ दुसऱ्या कामाची.

माक्याचे तेल

माका पावसाळ्यात ओढ्याकाठी, कालव्याच्या कडेला, ओलसर बांधावर आपोआप उगवतो. छत्रपती संभाजीनगरच्या गारखेडा परिसरातल्या पुंडलिकनगरसारख्या दाट वस्तीत तो उपटून आणायला मोकळी जागा उरलेली नाही. पण कुंडीत सहज वाढतो आणि श्राद्धाच्या साहित्यात लागत असल्याने पितृपंधरवड्यात बाजारात मिळतो. त्याच्यासारखीच दिसणारी एकदांडी, म्हणजे दगडीपाला, अनेकदा माका समजून घेतली जाते. एकदांडीचे फूल लांब दांड्यावर एकटे उभे असते आणि मधोमध पिवळे असते. माक्याचे फूल लहान आणि पांढरे. खात्रीची खूण हातावर मिळते : माक्याचा कोवळा देठ तळव्यावर चोळला, की हिरवा रस थोड्याच वेळात काळपट होतो.

आयुर्वेदात तेल सिद्ध करण्याचे सर्वसाधारण प्रमाण ठरलेले आहे : तेलाच्या चौपट द्रव आणि तेलाच्या पाव हिस्सा कल्क, म्हणजे वाटलेले औषध. घरच्यासाठी २५० मिली तिळाचे तेल, अर्धा लिटर माक्याचा रस, अर्धा लिटर आवळ्याचा रस आणि साधारण ६० ग्रॅम वाटलेला माका पुरे. ताजे आवळे कार्तिकापासून माघापर्यंत भरपूर मिळतात. एरवी १२५ ग्रॅम आवळकाठी दोन लिटर पाण्यात उकळून अर्धा लिटर काढा करावा.

कढई जाड बुडाची आणि मोठी घ्यावी, कारण मिश्रण फसफसून वर येते. सगळे एकत्र करून मंद आचेवर ठेवावे आणि तळाशी लागू नये म्हणून ढवळत राहावे. पाणी आटत आले, की घाई करू नये. तेल तयार झाल्याच्या खुणा तीन आहेत. कल्क बोटांत वळला तर त्याची वात होते, वळताना तुटत नाही. त्याचा कण विस्तवावर टाकला तर तडतडत नाही. आणि तेलावर फेस येऊ लागतो. तडतड ऐकू आली तर आत पाणी शिल्लक आहे; असे तेल बाटलीत लवकर खराब होते. कल्क करपून कडक झाला तर आच जास्त झाली. तेल कोमट असताना सुती फडक्यातून गाळावे आणि कोरड्या काचेच्या बाटलीत भरावे.

तिळाऐवजी खोबरेल घेतले तरी चालते. मुंबईच्या मॅरिको या खोबरेल विकणाऱ्या कंपनीच्या संशोधकांनी २००३ साली तीन तेलांची तुलना प्रसिद्ध केली. धुताना केसातले प्रथिन झिजते, ती झीज खोबरेलाने कमी झाली. सूर्यफुलाच्या आणि खनिज तेलाने झाली नाही. म्हणून न्हाण्याआधी काही तास तेल लावण्याच्या जुन्या रीतीला अर्थ आहे.

शिकेकाई आणि पाणी

छत्रपती संभाजीनगर शहराला पाणी पैठणच्या जायकवाडी धरणातून येते. अनेक वसाहतींत वर्षानुवर्षे नळाला काही दिवसांआड पाणी सुटत आले आहे आणि मधल्या काळात बोअरचा आधार घ्यावा लागतो. बेसॉल्ट खडकातले हे पाणी बहुधा जड असते. त्यातले कॅल्शियम साबणाशी मिळून चिकट साका तयार करते; तो केसांवर बसला की केस राठ आणि गुंतलेले वाटतात. शिकेकाई आणि रिठ्यातला सॅपोनिन हा फेस करणारा पदार्थ असा साका धरत नाही. शिकेकाई, रिठा आणि आवळकाठी रात्री भिजवून सकाळी उकळावी, कुस्करून गाळावी आणि डोळे मिटून केसांना लावावी. शेवटी केस मात्र साठवलेल्या नळाच्या पाण्याने धुवावेत.

मेंदी, मग नीळ

मेंदीतले लॉसोन हे द्रव्य केसातल्या केराटिनला घट्ट धरते. पांढऱ्या केसावर एकट्या मेंदीचा रंग केशरी-तांबूस येतो. १०० ग्रॅम मेंदी आवळ्याची पूड घालून चहाच्या कोऱ्या काढ्यात लोखंडी कढईत रात्रभर भिजवली, तर आवळ्या-चहातले टॅनिन लोखंडाशी मिळून काळपट संयुग बनते आणि तांबूसपणा थोडा दबतो. हा लेप दोन-तीन तास ठेवून साध्या पाण्याने धुवावा.

काळसर रंगासाठी त्यानंतर नीळ लावतात. ही नीळ म्हणजे नीळ झाडाच्या पानांची पूड, दुकानात ‘इंडिगो पावडर’ म्हणून मिळते. कपड्यांची नीळ ती नव्हे. ती कोमट पाण्यात, चिमूटभर मीठ घालून कालवावी. दहा-पंधरा मिनिटांत हिरव्या लेपाच्या पृष्ठभागावर निळसर झाक येते. रंग हवेतल्या ऑक्सिजनने सुटू लागला, याची ती खूण. तेव्हाच लावायला घ्यावे. मेंदीसारखी रात्रभर भिजवली तर नीळ वाया जाते. तासाभराने धुतल्यावर केस आधी हिरवट वाटतील, पण रंग दिवसभरात गडद होतो. दोन दिवस शाम्पू टाळावा. केस महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर वाढतो, म्हणून तीन-चार आठवड्यांनी फक्त मुळांशी लेप पुन्हा द्यावा.

सावधगिरी

‘काळी मेंदी’ म्हणून मिळणाऱ्या, अर्ध्या तासात काळा रंग देणाऱ्या पुड्यांत बहुधा पीपीडी हे रसायन असते. त्याने काहींच्या टाळूला खाज सुटते, पुरळ येते, चेहरा सुजतो; पोटात गेले तर ते जिवावर बेतते. पाकिटावरची घटकांची यादी वाचावी. वनस्पतीचा लेपही आधी कोपराच्या आतल्या बाजूला लावून ४८ तास पाहावा. तान्ह्या बाळाला मेंदी लावू नये. जी-सिक्स-पीडी या एन्झाइमची जन्मजात कमतरता असेल, तर मेंदीने रक्तपेशी फुटू शकतात.

कमी वयात केस झपाट्याने पांढरे होत असतील, तर आधी कारण शोधावे. बी-१२ आणि लोहाची कमतरता, थायरॉइडचे विकार आणि धूम्रपान यांचा अकाली पिकण्याशी संबंध आढळतो. पूर्ण शाकाहारी घरांत बी-१२ कमी असणे नेहमीचे आहे आणि रक्ताच्या साध्या तपासणीत ते कळते. शहरात घाटी रुग्णालयाच्या त्वचारोग विभागात याचा सल्ला मिळतो. कमतरता भरून निघाल्यावर काहींचे केस पुन्हा काळे उगवतात. वयाने किंवा घराण्याच्या वारशाने पिकलेल्या केसांसाठी मात्र तेल, शिकेकाई आणि लेप एवढाच घरचा उपाय आहे.