दहा डॉलरचा माल, वीस डॉलर हमाली

22 मे 2010 रोजी फ्लोरिडातल्या लास्लो हान्येच यांनी दोन पिझ्झांसाठी 10,000 बिटकॉइन मोजले. तेव्हा त्यांची किंमत 41 डॉलरच्या आसपास होती. डिसेंबर 2024 मध्ये एका बिटकॉइनने लाख डॉलर ओलांडले आणि तीच नाणी आठ हजार कोटी रुपयांच्या वर गेली. हा किस्सा सगळ्यांना पाठ आहे. पिझ्झेवाल्याच्या गल्ल्यात मात्र एकही बिटकॉइन पडला नव्हता. नाणी घेतली मधल्या माणसाने, दुकानाला मिळाले नेहमीचे डॉलर.

मोठ्या दुकानांनीही हाच शहाणपणा केला. जानेवारी 2014 मध्ये अमेरिकेतल्या ओव्हरस्टॉकने बिटकॉइन घ्यायला सुरुवात केली, ती बिटकॉइनचे डॉलर करून देणाऱ्या कॉइनबेस या कंपनीला मध्ये घालून. पहिल्या दिवशी 840 ऑर्डरी, 1 लाख 30 हजार डॉलरची विक्री आणि गिऱ्हाईक जवळजवळ सगळे नवे! हाच वेग टिकता तर वर्षाचे पावणेपाच कोटी डॉलर झाले असते. झाले सुमारे 30 लाख. कंपनीची त्या वर्षीची एकूण विक्री दीडशे कोटी, म्हणजे हजार डॉलरमागे दोन डॉलर बिटकॉइनचे. कार्डाचे कमिशन अडीच टक्के धरा आणि ते सगळेच्या सगळे वाचले असे माना, तरी बचत 75 हजार डॉलर. शिवाय माल हातात पडल्यावर गिऱ्हाईक बँकेकडून पैसे उलटे फिरवून घेऊ शकत नाही, हा दुकानदाराचा खरा फायदा. गिऱ्हाइकाचा अर्थातच तोटा.

आता पलीकडची बाजू. बिटकॉइनची मूळ साखळी, म्हणजे सगळे व्यवहार नोंदवणारी ब्लॉकचेन, सेकंदाला जेमतेम सात व्यवहार उरकते, दिवसाला सहा लाख. ऑगस्ट 2025 मध्ये आपल्या यूपीआयवर 2,000 कोटी व्यवहार झाले. त्या एका महिन्याचे काम या साखळीवर टाकले तर ते संपायला नव्वद वर्षे लागतील. (साखळीबाहेर व्यवहार उरकणारे लायटनिंगसारखे जोडरस्ते निघाले आहेत, पण ही गर्दी मूळ रस्त्यावरची.)

साखळीवर जागा कमी म्हणून जागेचा लिलाव, आणि लिलाव म्हणून शुल्क. ते रकमेवर ठरत नाही. पोत्यात कापूस आहे की केशर, हे हमाल बघत नाही. स्टीम या गेमच्या दुकानाने 2016 मध्ये बिटकॉइन स्वीकारला तेव्हा एका व्यवहाराला साधारण 20 सेंट पडत. 2017 च्या अखेरीस ते जवळजवळ 20 डॉलरवर गेले. शंभर पट! दहा डॉलरचा गेम घेणाऱ्याने काय करावे? त्यात व्यवहार रांगेत असताना बिटकॉइनचा भाव घसरला तर रक्कम अपुरी पडायची आणि उरलेले दोन-तीन डॉलर भरायला गिऱ्हाइकाला पुन्हा तेवढेच शुल्क. डिसेंबर 2017 मध्ये स्टीमने बिटकॉइन घेणे बंद केले.