आवाज कोणत्या बाजूनें आला?

रस्त्यानें चालतांना पाठीमागून कोणी हांक मारली, तर आपण विचार न करतां नेमके त्याच बाजूस वळतों. बाजू कशी कळली? कान दोन आहेत, एवढें उत्तर पुरेसें नाहीं.

उंच स्वरांना डोक्याचा आडोसा होतो व पलीकडील कानास ते मंद ऐकूं येतात. खालच्या स्वरांत मात्र मुख्य भिस्त वेळेवर असते. डावीकडील ध्वनि डाव्या कानास आधीं पोंचतो. ध्वनीचा वेग सेकंदास सुमारें ३४० मीटर. तेव्हां दोन कानांत पडणारें अंतर फार तर सेकंदाच्या दहा हजार भागांपैकीं सहा-सात भागांचें. प्रयोगांत तर माणसास सेकंदाच्या लाखाव्या भागाएवढाहि फरक ओळखतां आला आहे. आणि मज्जापेशीचा एकच विद्युत्स्पंद सुमारें हजारावा भाग टिकतो! म्हणजे गजाच्या शंभराव्या हिश्शाएवढी वस्तु त्याच गजानें मोजावयाची.

हें उमगण्यासाठीं संशोधक प्राण्यांच्या श्रवणकेंद्रांत केंसाहून बारीक विद्युदग्र ठेवून प्रत्येक स्पंदाचा क्षण टिपतात, व ते सारे क्षण ध्वनीच्या एका लहरीवर मांडून पाहतात. पेशी दर लहरीस स्पंद देईलच असें नाहीं. पण देते तेव्हां लहरीच्या ठराविक ठिकाणींच देते. एकीची लहर चुकली, तर ती शेजारची टिपते.

दोन कानांच्या ह्या वेळा ताडून कशा पाहिल्या जातात? अमेरिकन मानसशास्त्रज्ञ लॉइड जेफ्रेस यांनीं १९४८ सालीं एक कल्पना मांडली. ती अशी समजून घ्या. शाळेच्या व्हरांड्यांत मुलांची रांग उभी करा व दोन्ही टोकांकडून एकेक धांवणारा सोडा. दोघे ज्या मुलापाशीं एकाच क्षणीं पोंचतील, त्यानें हात वर करावा. डावीकडचा आधीं सुटला, तर भेट उजवीकडे सरकेल. कोणाचा हात वर झाला, यावरून कोण किती आधीं सुटला तें कळतें. वेळ अशी जागेवर मोजली जाते.

कॅथरिन कार व मासाकाझु कोनिशी यांना गव्हाणी घुबडाच्या मेंदूंत जवळजवळ अशीच रचना आढळली. तें संशोधन १९८८ व १९९० सालीं प्रसिद्ध झालें. परंतु घुबडाचें तेंच माणसाचें, असें समजूं नये. २००२ सालीं जर्बिल ह्या उंदरासारख्या प्राण्यांत दिसून आलें कीं, पेशीस आवरून धरणारे संदेशहि नेमक्या क्षणीं येतात व हिशेब बदलतात. म्हणून सस्तन प्राण्यांत मेंदूच्या उजव्या-डाव्या पेशींपैकीं कोणत्या अधिक स्पंद देतात, यावरून दिशा ठरत असावी, असें पुष्कळ संशोधक मानतात. वाद अजून मिटलेला नाहीं.

हें नुसतें कुतूहल नव्हे. माझ्या वयाच्या मंडळींची नेहमींची तक्रार आहे, "आवाज ऐकूं येतो, पण चार माणसांत शब्द कळत नाहींत." स्पंदांच्या वेळेचा काटेकोरपणा वयोमानानें ढिला पडतो, हें याचें एक कारण आहे. आवाज चढविल्यानें तो परत येत नाहीं. म्हणून घरांतील वडील माणसांशीं ओरडून बोलूं नये. समोर बसावें, एका वेळीं एकानेंच बोलावें, आणि सावकाश बोलावें.