हॉट डॉगची गाडी आणि तिचा परवाना

हॉट डॉग हे नाव प्रथमच ऐकणाऱ्या माणसाच्या मनात जी शंका येते, ती एकोणिसाव्या शतकाच्या अखेरीस खुद्द अमेरिकनांच्याही मनात होती. कारण जर्मन खाटकांनी तेथे नेलेल्या या लांबोळक्या सॉसेजची तुलना लोक आखूड पायांच्या डाक्सहुंड कुत्र्याशी करीत, आणि आत नेमके कोणते मांस आहे हा संशय त्या थट्टेत मिसळलेला असे. कुत्र्याचा या पदार्थाशी काडीचाही संबंध नाही, हे निःसंदिग्धपणे सांगितले पाहिजे. गाईचे, डुकराचे किंवा कोंबडीचे मांस बर्फ, मीठ व मसाल्यांसह लगदा होईपर्यंत दळून, नळीसारख्या आवरणात भरून, धुरी देऊन शिजवितात. त्याचा गुलाबी रंग नायट्राइटमुळे टिकतो. गाडीवर येते ते सॉसेज शिजलेलेच असते, विक्रेता ते फक्त तापवितो.

न्यूयॉर्कच्या पदपथावर निळ्या-पिवळ्या छत्रीखालच्या गाडीचे झाकण उचलले की वाफेचा लोट येतो. विक्रेता चिमट्याने पाण्यातले सॉसेज उचलतो, मऊ लांबट पावाच्या चिरेत ठेवतो, वर मोहरीची चटणी आणि आंबवलेली कोबी किंवा लाल रश्श्यातला कांदा घालतो, आणि एवढे सारे अर्ध्या मिनिटात उरकते. पाण्यात ठेवण्याचे कारण असे, की सॉसेज सुकत नाही आणि त्याची ऊबही कायम राहते. गरम अन्न ६० अंश सेल्सिअसच्या खाली उतरता कामा नये, असा आरोग्य खात्याचा दंडकच आहे.

हा धंदा प्रारंभापासून परदेशातून आलेल्या निर्धन माणसांचा. न्यूयॉर्कच्याच समुद्रकाठच्या कोनी आयलंडवर चार्ल्स फेल्टमन या जर्मनाने गाडीपासून आरंभ करून मोठे उपाहारगृह उभारले. तेथेच पाव चिरण्याचे काम करणाऱ्या नेथन हँडवर्कर या पोलंडमधून आलेल्या ज्यू तरुणाने १९१६ साली स्वतःचे दुकान थाटले, आणि धन्याच्या दहा सेंटांसमोर आपला भाव पाच सेंट ठेवला. पुढे भुयारी रेल्वे पाच सेंटांत तेथवर पोहोचू लागली, तेव्हा श्रमिकांना समुद्र आणि सॉसेज ही दोन्ही एकदमच आवाक्यात आली.

आज मात्र त्याच शहरात गाडी लावू इच्छिणाऱ्याची खरी अडचण मांसाची वा पावाची नसून परवान्याची आहे. विकणाऱ्या माणसाचा परवाना वेगळा आणि गाडीचा वेगळा; त्यांपैकी गाडीच्या परवान्यांची संख्या १९८३ पासून सुमारे तीन हजारांवर गोठविल्यामुळे, दोन वर्षांसाठी ज्याची सरकारी फी सुमारे दोनशे डॉलर, तोच परवाना काळ्या बाजारात वीस हजारांहून अधिक डॉलरांना पोटभाड्याने जाऊ लागला. उद्यानांतील जागांचे तर मक्तेच निघतात; सेंट्रल पार्कमधील प्राणिसंग्रहालयाजवळच्या एका गाडीचा मक्ता २०१३ च्या सुमारास दरसाल दोन लाख ऐंशी हजार डॉलरांच्या वर गेला होता. गाडी ओढणाऱ्याच्या घामाचा मोठा हिस्सा कागदाच्या मालकाला मिळावा, ही व्यवस्था मला सरळसरळ अन्यायाची वाटते. २०२१ च्या कायद्याने नवे परवाने टप्प्याटप्प्याने देण्याचे ठरविले, हे योग्यच झाले. पण रांग लांब आहे; आणि परवाना मिळाला तरी विक्रेत्याला दिवसभर उभे राहून झाल्यावर गाडी नेमून दिलेल्या कोठारात नेऊन, धुऊन, तेथेच ठेवून मगच घरी जावे लागते.